पत्ता देऊन भागत नाही

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एस.टी.तून उतरावं आणि देशी दारूचं दुकान कुठे आहे असं विचारावं. पहिलाच माणूस हात करून रस्ता दाखवतो. त्याच स्टँडवर दारू सोडलेल्या लोकांची सभा कुठे भरते असं विचारलं, तर बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. अशा सभा नाहीत असं नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे, म्हणजे ए.ए.चे, गट आपल्याकडे कित्येक वर्षं चालू आहेत. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती संस्थांची पाठपुराव्याची कामं आहेत. तरी गरजू माणूस आणि ही मदत यांची गाठ पडत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांतल्या जवळपास ५.७ कोटींना पिण्याबद्दल मदतीची गरज आहे आणि त्यातही २.९ कोटी लोक दारूवर पूर्ण अवलंबून आहेत. या अवलंबून असलेल्यांपैकी कुठलाही उपचार मिळालेला माणूस ३८ जणांत एखादा. मी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते. दारूमुळे दाखल झालेल्या माणसांना घरी जाताना पुढची वाट दाखवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. रुग्णाला सभेचा पत्ता देणं आणि त्याला सभेत पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण पहिलं करतो आणि दुसरं आपोआप होईल असं धरून चालतो. ते होत नाही. पोचवण्याचं काम हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे, आणि ते कोणाचं हेही ठरवून टाकलं पाहिजे.

आत्ता काय होतं ते आधी पाहू. हातपाय थरथरतात, झोप नाही, उलट्या थांबत नाहीत अशा अवस्थेत माणूस दाखल होतो. काही दिवसांत विथड्रॉवल ओसरतो, जेवण जायला लागतं, तो बायकोशी नीट दोन शब्द बोलतो. डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर गोळ्यांची नावं आणि पुढची तारीख लिहिली जाते, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ येते : ‘ए.ए. मीटिंग अटेंड करणे’. कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, तिथे कोणाला भेटायचं, यांतलं काहीही त्या ओळीत नसतं. एखाद्याने मेहनत घेऊन पत्ता लिहिलाच, तर तो ‘महापालिका शाळा, संध्याकाळी ७’ असा असतो. शाळेचं मोठं फाटक त्या वेळी बंद असतं. सभेला येणारे जुने लोक बाजूच्या बारक्या दाराने आत जातात. ते दार नव्या माणसाला ठाऊक नसतं. तो फाटक हलवतो आणि वॉचमन विचारतो, “काय काम आहे?” या प्रश्नाचं खरं उत्तर त्याने अजून सख्ख्या भावालाही दिलेलं नसतं. परीक्षा आल्या, निवडणुकीचं मतदान केंद्र लागलं, दिवाळीची सुट्टी पडली, की शाळेची खोली मिळत नाही. मग गट आठवडाभर दुसरीकडे बसतो आणि ही बातमी फक्त आतल्यांना असते. माणूस फाटकावरून परत फिरतो, आणि घरच्या वाटेवर वाईन शॉप असतंच. पुढच्या तारखेला ओपीडीत तो सांगतो, “गेलो होतो, बंद होतं.” ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. केसपेपरवर ‘प्रेरणा कमी’ असा शेरा पडतो. तो माणूस गेला होता हे खरं असू शकतं. कमी पडलेली गोष्ट त्याची प्रेरणा होती की आपली माहिती, हे त्या शेऱ्यातून कधीच कळत नाही.

या सभांचा जन्मच अशा शोधातून झाला आहे. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस १९३५ च्या मे महिन्यात ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात एका व्यवहारासाठी गेला होता. व्यवहार फसला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. परक्या शहरात, हॉटेलच्या लॉबीत, जवळच बार चालू असताना त्याला जाणवलं की आज आपण वाचायचं असेल तर दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललं पाहिजे. लॉबीत शहरातल्या चर्चची यादी होती. त्यातून त्याने एका धर्मगुरूला फोन लावला, त्यांनी काही नावं दिली, आणि फोन करत करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. डॉ. बॉब स्मिथ या सर्जनचं पिणं सुटावं म्हणून त्या धडपडत होत्या. त्यांनी बिलला डॉक्टरांचा पत्ता देऊन वाटेला लावलं नाही. दोघांनाही आपल्या घरी बोलावून समोरासमोर बसवलं. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो. या गोष्टीतल्या दोन पुरुषांची नावं जगभर घेतली जातात. माझं लक्ष मात्र मधल्या बाईंकडे जातं. त्या स्वतः व्यसनी नव्हत्या. डॉक्टर, समाजसेवक, बहीण, मेव्हणा, कंपनीतला वेलफेअर ऑफिसर हे सगळे त्यांच्याच जागी उभे असतात. पहिल्या भेटीलाही मध्यस्थ लागला होता, तर आजच्या नव्या माणसाने एकट्याने शोधत यावं ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो?

यावर कोणी म्हणेल की गटांनीच आपली जाहिरात करावी, चौकात फलक लावावेत. तसं ते करत नाहीत, आणि त्याला कारण आहे. ए.ए.च्या बारा परंपरा १९४६ साली लिहिल्या गेल्या आणि १९५० साली क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. त्यांत सभासदाचं नाव गुप्त ठेवणं आहे, प्रचारापेक्षा आकर्षणावर भर आहे, आणि बाहेरची देणगी न घेता सभासदांच्या वर्गणीवर गट चालवणं आहे. त्यामुळे गटाला पगारी कार्यालयीन माणूस नसतो, फलकाला पैसे नसतात, आणि माहिती सांगायला पुढे येणारा माणूस आपला चेहरा पेपरात छापू देत नाही. ही बंधनं सोडली तर गट चटकन दिसू लागतील हे खरं. पण मग ज्या आडोशामुळे पहिल्यांदा आलेला माणूस तोंड उघडतो तो आडोसा जाईल. शिवाय दारूमुक्त झालेला पुढारी किंवा नट गटाचा चेहरा झाला आणि पुढे पुन्हा प्यायला लागला, तर त्याच्याबरोबर गटाचीही पत जाईल. तेव्हा गटांनी जरा लपून राहणं हा त्यांच्या रचनेचा भाग आहे. म्हणूनच शोधून देण्याची जबाबदारी बाहेरच्यांवर येते. आपल्या जिल्ह्यात कोणते गट आहेत, कोणत्या वारी भरतात, दार कुठलं, फोन कोणाला करायचा, ही यादी रुग्णालयाने स्वतः तयार करावी आणि दर महिन्याला फोन करून ती बरोबर आहे ना याची खात्री करावी. औषधांचा साठा तपासायला आपल्याकडे रजिस्टर असतं. या यादीलाही तसं रजिस्टर असायला हरकत नाही.

आत काय चालतं याची कल्पना नसल्यामुळेही लोक बिचकतात, म्हणून ते थोडं सविस्तर सांगते. डॉक्टर, समाजसेवक, नातेवाईक यांना फक्त खुल्या सभेत बसता येतं. बंद सभा मद्यासक्तांपुरती असते. खोली बहुधा शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल. वर्ग असेल तर भिंतीवर बाराखडीचा तक्ता आणि त्याशेजारी त्या संध्याकाळपुरता टांगलेला, ए.ए.च्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांचा कापडी फलक. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेली. हजेरी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. सभा चालवणारा माणूसही त्यांच्यातलाच, आणि पुढच्या वेळी तो बदलतो. एकेक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक आहोत असं म्हणतो आणि बोलतो. बायकोचं मंगळसूत्र कसं गहाण पडलं, मुलाच्या शाळेची फी कुठे गेली, काल पगार झाल्यावर घरी जाताना रस्ता का बदलला. मधे कोणी तोडत नाही, उलट प्रश्न नाही, सल्ला नाही. एक पिशवी फिरते, त्यात दहा-वीस रुपये पडतात. ज्याच्याकडे नाहीत तो पिशवी पुढे सरकवतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. एक वर्ष दारूशिवाय काढलेल्याचा वाढदिवस केक कापून होतो. सभा संपल्यावर चहा, आणि खरं काम पुष्कळदा त्या चहाच्या वेळी होतं. नव्या माणसाच्या खिशात चार फोन नंबर पडतात आणि ‘प्यावंसं वाटलं तर आधी फोन कर, नंतर पी’ एवढीच सूचना मिळते. वेळही पाहा : संध्याकाळी सात ते साडेआठ. पिणाऱ्याची पावलं ज्या वेळी परमिट रूमकडे वळतात, नेमकी तीच वेळ ही सभा व्यापते. आमच्या ओपीडीची वेळ सकाळी नऊ ते एक असते. त्या वेळी ज्याला प्यावंसं वाटत नाही त्याला आम्ही न पिण्याबद्दल समजावत असतो.

पण या सभांनी खरोखर दारू सुटते का, की हा बऱ्या झालेल्यांनी करून घेतलेला समज आहे? हा आक्षेप रास्त आहे, कारण जे सुटले तेच सभेत दिसतात. परत गेलेले मोजायला तिथे कोणी नसतं. शिवाय जो स्वतःहून सभेला जातो त्याची तयारी आधीच जास्त असणार. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २००६ सालच्या आढाव्याने पुरावा पुरेसा नाही असंच म्हटलं होतं. पुढे चांगल्या पद्धतीचे अभ्यास झाले. २०२० साली केली, हम्फ्रीज आणि फेरी या संशोधकांनी नवा कोक्रेन आढावा प्रसिद्ध केला. त्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. यांतल्या कित्येक अभ्यासांत कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं होतं, म्हणजे आधीच तयारी असलेले एका बाजूला जमण्याची शक्यता काढून टाकली होती. निष्कर्ष असा की ए.ए.कडे नेणारा उपचार मिळालेल्यांपैकी वर्षअखेर सलग दारूपासून दूर राहिलेले सुमारे ४२ टक्के होते, आणि वर्तनोपचारासारखे इतर उपचार मिळालेल्यांत ३५ टक्के. फरक मोठा नाही, पण चांगल्या उपचारांशी तुलना करूनही तो उरतो, आणि सभेला खर्च जवळपास नाही. दुसऱ्या बाजूने, शंभरातल्या अठ्ठावन्न जणांना वर्षभर सलग जमलं नाही, हेही याच आकड्यांत आहे. सभा रामबाण आहे असं सांगणाऱ्याने ते विसरू नये. मला यात त्याहून महत्त्वाची वाटते ती अभ्यासाची रचना. या अभ्यासांत तपासलं गेलं ते ‘जा’ असं सांगून सोडून देणं नव्हतं. समुपदेशक ठरलेल्या पद्धतीने माणसाला सभेची ओळख करून देतो, जाण्याचं ठरवून घेतो, जाऊन आल्यावर त्यावर बोलतो, अडचण सोडवतो, असा तो उपचार होता. म्हणजे सभेच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हा मुळात सभेपर्यंत पोचवण्याचा पुरावा आहे. आपण निष्कर्ष उचलतो आणि ती मेहनत गाळतो.

नुसता पत्ता आणि पोचवणं यांची थेट तुलनाही झालेली आहे. १९८१ साली सिसन आणि मॅलम्स या दोघांनी वीस जणांचे दोन गट केले. दहा जणांना नेहमीप्रमाणे माहिती देऊन सभेला जायला सांगितलं. उरलेल्या दहा जणांच्या समोर समुपदेशकाने ए.ए.च्या सभासदाला फोन लावला, बोलणं करून दिलं आणि तो सभासद त्यांना सभेला घेऊन जाईल अशी व्यवस्था केली. दुसऱ्या गटातले दहाही जण सभेला गेले. पहिल्या गटातला एकही गेला नाही. अभ्यास अगदी लहान आहे, एवढ्यावर इमारत उभी करू नये हे मान्य. पण २००६ मध्ये टिम्को आणि सहकाऱ्यांनी ३४५ रुग्णांवर अशीच तुलना केली, आणि नेटाने जोडून दिलेल्या रुग्णांचा गटातला सहभाग आणि व्यसनातली सुधारणा, दोन्ही सहा महिन्यांत सरस ठरली. आमच्या विभागात याला वेगळं यंत्र किंवा निधी लागत नाही. डिस्चार्जच्या आधी रुग्णासमोर बसून फोन लावायचा. पलीकडच्या सभासदाशी त्याचं दोन मिनिटं बोलणं करून द्यायचं. “शाळेच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी पावणेसातला थांबा, मी निळ्या शर्टात असेन” इतक्या बारकाव्याने भेट ठरवायची. मग वॉचमनला उत्तर देण्याची वेळ येत नाही. शक्य असेल तिथे डिस्चार्जच्या आधीच वॉर्डातून एका सभेला नेऊन आणायचं, आणि पुढच्या तारखेला ‘गेलात का’ एवढं न विचारता ‘कोण भेटलं, कुठे बसलात, काय पटलं नाही’ असं विचारायचं. मुक्तांगण १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारावर सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच कार्यकर्ते म्हणून नव्या रुग्णांबरोबर काम करतात. तिथला रुग्ण घरी जाण्याआधीच अशा माणसाच्या ओळखीचा झालेला असतो. पोचवण्याचं निम्मं काम त्यातच होऊन जातं.

सहकाऱ्यांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप वेगळाच आहे. ज्याला खरंच सोडायची आहे तो शोधत जाईल, बोट धरून नेलेला टिकत नाही, इतके लाड कशाला? या बोलण्यामागे इच्छा ही एकदा झाली की कायम राहणारी वस्तू आहे, असा समज आहे. व्यसनी माणसाची इच्छा तशी नसते. सकाळी रक्ताची उलटी झाल्यावर त्याला मनापासून सोडायची असते, संध्याकाळी अंग मोडून आलं की तितक्याच मनापासून प्यायची असते. दोन्ही खऱ्या. जी व्यवस्था सकाळच्या इच्छेला संध्याकाळच्या सभेपर्यंत टिकवते ती उपयोगाची. सभेत दारूला विरोध करणारी इच्छा एकट्याची राहत नाही, हाच तिथल्या कामाचा गाभा आहे. म्हणजे इच्छा पक्की झाल्यावर सभेला यावं अशी अट घालणारा माणूस सभेचं काम सभेआधीच व्हावं असं म्हणतो. ए.ए.ची स्वतःची अट तर फारच हलकी आहे : पिणं थांबवण्याची इच्छा असणं, एवढंच सभासदत्वाला पुरतं. ती किती टिकाऊ आहे हे तिथे कोणी तपासत नाही. शिवाय हाच न्याय आपण इतर आजारांना लावत नाही. क्षयरोग्याने गोळ्या बुडवू नयेत म्हणून समोर बसून गोळी खाऊ घालण्याची पद्धत देशभर राबवली गेली, तेव्हा ‘ज्याला बरं व्हायचं आहे तो घेईल’ असं म्हणून सरकार गप्प बसलं नव्हतं.

घरच्यांची हरकत याच्या उलट टोकाची. “दारुड्यांच्या संगतीनेच बिघडला, आता पुन्हा दारुड्यांतच पाठवता?” बायका आणि आया हे अगदी काकुळतीने विचारतात, आणि त्यात तथ्य आहे, कारण दारू लागते ती बहुधा संगतीनेच. गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’मध्ये सुधाकराच्या हाती प्याला देणारा तळीराम उभा केला आणि पिणाऱ्यांचं चक्क ‘आर्य मदिरा मंडळ’ही रंगवलं. त्या मंडळात आपुलकी आहे, विनोद आहे, तत्त्वज्ञान आहे. सुधाकराला सुटका हवी असते तेव्हा त्याच्यासाठी अश्रू ढाळणारे पुष्कळ आहेत, पण ज्यांच्यात जाऊन बसावं असं दुसरं मंडळ नाही. आजही दारू सोडणाऱ्याला आपण संध्याकाळचे मित्र तोडायला सांगतो आणि त्या जागी काहीच देत नाही. घरात टीव्हीसमोर एकटं बसवून, खिसे तपासून त्याच्यावर पहारा ठेवतो. या बाबतीतलं संशोधन संगतीच्याच बाजूने बोलतं. सभेचा परिणाम नेमका कशातून होतो हे शोधणाऱ्या, वरच्या आढाव्यातल्या केली यांच्या अभ्यासांत सगळ्यात ठळक दिसलं ते हे, की माणसाच्या भोवतालची पिणारी माणसं कमी होतात, न पिणारी वाढतात, आणि चारचौघांत नाही म्हणण्याचा आत्मविश्वास येतो. गटारी अमावास्या, गणपतीची मिरवणूक, भावकीतलं लग्न, एकतीस डिसेंबर अशा दिवशी त्याचा कस लागतो. त्या दिवशी फोन उचलणारा, आणि आपणही एकेकाळी याच दिवशी घसरलो होतो असं सांगणारा माणूस घरच्यांपैकी कोणी होऊ शकत नाही, मग त्यांचं प्रेम कितीही असो. घरच्यांसाठीही अल-ॲनॉनच्या वेगळ्या सभा असतात. नवऱ्याच्या आधी बायको तिथे जाऊ लागली तर चांगलंच. त्याने सोडो न सोडो, तिचं जगणं तरी त्याच्या बाटलीभोवती फिरायचं थांबतं.

देवाचा प्रश्न विवेकवादी घरांतून हटकून येतो. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, सभेच्या शेवटी प्रार्थना आहे, काही खोल्यांना चर्चचं छप्पर आहे. एका भ्रमातून काढून दुसऱ्यात टाकायचं का, असं विचारलं जातं. दुसऱ्या बाजूने भाविक विचारतात की माळ घालून वारीला गेलं तर दारू सुटतेच, मग या परक्या सभेची गरज काय? दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे. माळ घातल्याने ज्यांची सुटली त्यांच्या गळ्यात नुसती माळ आली नाही. संध्याकाळचं भजन आलं, दिंडीतली माणसं आली, आणि माळकरी प्यायला तर सगळ्या गावाला कळेल असा धाक आला. म्हणजे तिथेही काम करतो तो गटच. केली यांच्याच अभ्यासांत आध्यात्मिक बदलाचा वाटा फार जास्त पिणाऱ्यांत दिसला, इतरांत त्याहून कमी. पायऱ्यांमधला ईश्वर ‘आपल्याला उमगलेला’ असावा एवढीच अपेक्षा आहे, आणि कित्येक जण त्या जागी गटालाच ठेवून मोकळे होतात. मुंबईत वांद्र्याला १९८१ साली फादर जो परेरा यांनी सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली, आणि तिथे सगळ्या धर्मांची माणसं येतात. तरीही ज्याला प्रार्थना अजिबात सोसत नाही त्याला तिथेच रेटू नये. त्याला व्यसनमुक्ती केंद्राच्या पाठपुरावा गटाशी जोडावं. कोणत्या खोलीत बसायचं याबद्दल दुमत असू दे, एकट्याने बसू नये यावर ते नको.

मला ज्या आक्षेपाला पुरतं उत्तर देता येत नाही तो लहान गावांचा आणि बायकांचा आहे. गुप्तता मुंबईत शक्य आहे, जिथे विरारचा माणूस दादरच्या सभेला जाऊ शकतो. तालुक्याच्या गावी सभेत शेजारच्या बाकावर आपल्याच मुलाचे मास्तर असू शकतात. ‘नव्वद दिवसांत नव्वद सभा’ असा नव्या माणसाला सांगायचा ए.ए.तला जुना सल्ला आहे. आठवड्याला एकच सभा, तीही पस्तीस किलोमीटरवर आणि शेवटची गाडी साडेसातला, अशा ठिकाणी हा सल्ला थट्टेसारखा वाटतो. बायकांची अडचण त्याहून मोठी. सुरुवातीला सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पुरुषांमध्ये पिणारे २७.३ टक्के आहेत आणि बायकांमध्ये १.६ टक्के. टक्केवारी लहान असली तरी देशभराचा हिशेब केला तर त्या काही दशलक्ष होतात. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने उठून आपण दारू पितो हे सांगण्याची ताकद आपण त्यांच्याकडून मागतो, आणि त्या आल्या नाहीत की त्यांची गरजच नाही असं समजतो. करोनाच्या काळात फोनवरच्या ऑनलाइन सभा रुळल्या, त्यांचा इथे उपयोग होतो. चेहरा न दाखवता बसता येतं, गाव सोडावं लागत नाही, परदेशातल्या मराठी माणसालाही मराठीत बोलता येतं. पण ज्या घरात एकच फोन आणि एकच खोली आहे तिथे हाही मार्ग अपुरा. अशा ठिकाणी गट नाही म्हणून थांबू नये. ए.ए.च्या परंपरेनुसार दोन-तीन मद्यासक्त दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र बसले तरी तो गट होतो. एका तालुक्यातले, आपसांत ओळख नसलेले दोन रुग्ण आमच्या रजिस्टरमध्ये असतात. दोघांच्या संमतीने त्यांची भेट घडवून देणं आमच्या हातात असतं.

एक मर्यादा मात्र ठामपणे सांगितली पाहिजे, कारण सभेवरच्या अतिविश्वासाने जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होणं, नसलेली माणसं दिसणं, ताप चढणं असा प्रकार होऊ शकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. त्या काळात त्याला सभा नको, दवाखाना हवा. गोळ्या आणि थायमिन हवं. सोबत नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार असेल तर त्याची औषधं सभेतल्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. सभासदांनी डॉक्टरकी करू नये ही ए.ए.चीही भूमिका आहे, पण उत्साही जुना सभासद कधी कधी ती विसरतो. ‘रुग्णाला न सांगता देता येते’ अशा जाहिरातीतल्या पुड्यांपासून तर लांबच राहावं. त्यांत डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि वर माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ते औषध उपयोगी आहे, पण ते घेणाऱ्याला माहीत असायलाच हवं. शिवाय चोरून दिलेली पुडी माणसाला कोणाशीच जोडत नाही. औषध शरीर सावरतं, सभा संध्याकाळ सावरते. दोन्हीची गरज असलेल्याला एकच देऊन पाठवलं, तर त्याच्या अपयशात आपलाही वाटा असतो.

तेव्हा डॉक्टरांना, समाजसेवकांना आणि घरच्यांना माझं मागणं मोठं नाही. आपल्या गावातली सभा कुठे भरते ते आधी स्वतः शोधा, खुल्या सभेला एकदा स्वतः जाऊन बसा, तिथल्या दोघांचे फोन नंबर त्यांच्या परवानगीने घेऊन ठेवा. माहिती मिळत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. माणूस ‘आता सोडतो’ म्हणेल त्या दिवशी उद्यावर न टाकता त्याच्यासमोर फोन लावा, आणि पहिल्या सभेला कोणीतरी त्याच्या बरोबर जाईल असं पाहा. एका सभेत मन रमलं नाही तर दुसरा गट दाखवा, आणि पुन्हा प्यायला तर पुन्हा न्या. डिस्चार्ज कार्डावरची ती शेवटची ओळ लिहायची असेल, तर वार, वेळ, दार आणि भेटणाऱ्याचं नाव यांसकट लिहा. तेवढं जमणार नसेल तर ती ओळ लिहून आपलं काम झालं असं तरी समजू नका.